सर्दीवरची वाफ
बाबांच्या सिगरेटीत तंबाखू, डांबर, राख. आपल्या व्हेपमध्ये नुसती गोड वासाची वाफ, असं अर्णव स्वतःला बजावायचा. आईला ते कपाटात सापडल्यावर त्यानं ठोकून दिलं होतं, "सर्दीवर वाफ घ्यायचं यंत्र आहे." आज सावेडीतल्या क्लासहून तो घरी आला, तर धाकट्या मनवाची छाती घरघरत होती आणि आईनं तेच यंत्र तिच्या ओठांशी धरलेलं. "ओढ गं, दादाची वाफ मलाही मानवली." "स्ट्रॉबेरीचा वास येतोय!" म्हणत मनवानं तोंड उघडलं. अर्णवनं झडप घालून ते हिसकावलं. "अरे, नुसती वाफच ना?" आई कडाडली. "नाही आई. त्यात निकोटीन आहे. बाबांच्या सिगरेटीत असतं तेच." मनवाला थोपटणारा आईचा हात थांबला. "तरीच," ती पुटपुटली, "माझी सर्दी गेली तरी वाफ सारखी घ्यावीशी वाटते."