दुप्पट उंची

विमा कंपनीत आलेले जुने फॅक्स जेपीजीत करून ठेवायचं काम माझ्याकडे आहे. फॅक्सची चित्रं चेपलेली दिसतात, म्हणून प्रत्येकाची उंची दुप्पट करावी लागते.

आज जळिताच्या दाव्यांचा अख्खा गठ्ठा मी एकदमच लावून दिला आणि मग तपासायला बसलो. पहिल्या घराच्या मूळ फॅक्समध्ये काळं पडलेलं स्वयंपाकघर होतं आणि भिंतीपाशी खुर्चीवर एक माणूस बसला होता. जेपीजीत तो उभा होता.

“मामा, चित्र ताणलं तर माणूस उंच दिसेल. उभा कसा राहील?”

मामा आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने. त्या काळी फॅक्स मशीन तेच सांभाळायचे. त्यांनी चष्मा पुसला, पण डोळ्यांवर काही चढवला नाही.

“जळालेल्या प्रत्येक घरात असायचा तो. निमूट बसून असायचा, म्हणून आम्हीही कधी विषय काढला नाही. त्याची उंची वाढवू नकोस रे. बसू दे त्याला.”

मी पुढच्या घराची जेपीजी उघडली. माणूस तोच, पण दाराशी पोचलेला. घाईघाईने शेवटचं चित्र उघडलं. त्यात नुसती खुर्ची होती.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“अहो, तुमच्या ऑफिसातून कुणी यायचं होतं का? मघापासून स्वयंपाकघरात उभे आहेत. मी आपली बसा, बसा म्हणतेय, तर बसतच नाहीत.”