डाव्या हातानं घेतलेला पेढा

गणपतीला नारळ फोडून रंगूबाई घाईघाईनं सांगलीच्या दवाखान्यात परत आली, तेव्हा बाळंतिणींच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिची विहीण लीलाबाई येऊन बसलेली होती. साताऱ्याहून पहिल्या एसटीनं आलेली. पायाशी पिशवी, डोक्यावर पदर, उजवा हात पदराखाली.

रंगूबाईच्या जिवात जीव आला. पण लीलाबाईचा चेहरा बघून तो पुन्हा उडाला.

दोघींचं साटंलोटं. हिची अंजना तिच्या मानसिंगला दिलेली, तिची गोदा हिच्या अर्जुनाला. एकाच मांडवात दोन्ही लग्नं. अंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी माधवनगरला आली आणि कालपासून अडली. मूल आडवं. डॉक्टर म्हणाले, सीझर करावं लागेल, नवऱ्याची नाहीतर सासरच्या माणसाची सही आणा. मानसिंग पलटणीत, कुठल्याकुठं. सासरचं माणूस म्हणजे एकटी लीलाबाई. तिला तार केली होती.

आणि गोदा आता नव्हती. दीड वर्षापूर्वी साताऱ्याच्या दवाखान्यात तीही अशीच अडली होती. तेव्हा अर्जुना आईच्या तोंडाकडे बघत उभा राहिला आणि आईनं सही करू दिली नाही.

"परसाद घ्या, इहीणबाई," रंगूबाईनं पेढा पुढे केला.

लीलाबाईनं डावा हात पुढे करून तो घेतला आणि मुठीत धरून ठेवला.

बाकावरच्या बायका बघतच राहिल्या. देवाचा प्रसाद, आणि डाव्या हातानं! एरवी रंगूबाईनं अख्खी गल्ली गोळा केली असती. तिच्यापुढं ब्र काढायची माधवनगरात कुणाची टाप नव्हती. आज तिनं तो अपमान मुकाट गिळला.

"तेवढा अंगठा द्या," ती म्हणाली. "माझा चालत न्हाई म्हणत्यात. लेक माझी, पर माझा अंगठा चालत न्हाई."

"ठाव हाय मला. साताऱ्याला माझाबी चालला नव्हता."

"सिस्टरला हाक मारू?"

"मारू की. आदी सांगा, साताऱ्यात डाक्टरला काय म्हणाला हुता तुमी?"

"आवं, कवाचं त्ये..."

"सांगा."

रंगूबाईनं बायकांकडे बघितलं, मग बंद दाराकडे. "फाडल्या पोटाची बाई कामाला यायची न्हाई, म्हणलं हुतं," ती पुटपुटली.

"मोठ्यानं. ह्यास्नी ऐकू गेलं न्हाई."

ती मोठ्यानं बोलली.

"आनि?"

"आमच्यात समद्या आपसूक बाळंत झाल्यात. हीबी हुईल, म्हणलं."

"आनि गोदा माझ्याकडं बघून वरडाय लागली, तवा?"

रंगूबाईनं दाराकडं कान दिला. सकाळपर्यंत अंजनाचं ओरडणं गेटापर्यंत ऐकू येत होतं. आता आतून कसलाच आवाज नव्हता. ती शांतताच तिला खायला उठली.

"मेली तर... दुसरी आनू."

"आनलीबी. सा म्हयन्यांत."

रंगूबाई खाली फरशीवर बसली आणि तिनं विहिणीचे पाय धरून त्यांवर डोकं आपटलं. "चुकलं माझं. मला काय बी करा, पर माझ्या पोरीला नगं. आवं, तिच्या पोटात तुमच्या मानसिंगचं लेकरू हाय!"

"गोदाच्या पोटात तुमच्या अर्जुनाचं हुतं."

लीलाबाईनं पाय मागे घेतले नाहीत. तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगायचं, लय बरं वाटत होतं. रंगूबाईचं डोकं आपल्या पायावर असं आपटताना तिनं दीड वर्षात किती वेळा मनातल्या मनात पाहिलं होतं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसून राहिली.

बारा वाजायला आले तसं दार उघडलं. सिस्टर बाहेर आली.

"अंजनाचं कोण आहे? मुलगी झाली. सीझर नीट झालं. दोघी बऱ्या आहेत."

रंगूबाई फरशीवरूनच वर बघत राहिली. "पर... अंगठा?"

"तो मघाशीच घेतला की. तुम्ही देवळात गेला होता तेव्हा, या बाईंचा." सिस्टर आत गेली.

लीलाबाईनं उजवा हात पदराबाहेर काढला. अंगठा पेरापर्यंत निळा झाला होता. मूठ आवळून धरल्यामुळं शाई घामानं तळव्यावरही पसरली होती.

"द्यायचा न्हाई म्हणूनच निघाले हुते," ती म्हणाली. "साताऱ्यापासनं आसं ठरवूनच बसले हुते येष्टीत. हितं आले, तर तिनं आतनं आत्याबाई म्हणून हाक मारली मला."

रंगूबाईला रडू कोसळलं. तिनं हात जोडले. "लय उपकार झालं, बाई, तुमचं."

"उपकार न्हाईत. त्या दिशी म्या पाच तास बसले हुते, इहीणबाई. तुमी एकच बसला. चार आजून ऱ्हायल्यात."

मग तिनं डाव्या मुठीतला पेढा उजव्या हातात घेतला आणि मोडून त्याचे दोन तुकडे केले. एकाला शाई लागली. दुसरा तिनं आपल्या तोंडात टाकला आणि शाईचा तुकडा रंगूबाईपुढं धरला.

"परसाद हाय," ती म्हणाली. "उजव्या हातानं घ्या."