सहावा रकाना

“कोणी नाही, असं लिही,” सर म्हणाले.

निवासी डॉक्टर फॉर्म भरत होती. तिचं पेन थांबलं. सहावा रकाना: गेल्या सहा महिन्यांत बंद खोलीत, मास्कशिवाय, अर्ध्या तासाहून जास्त वेळ कोणासोबत बसलात?

पंचवीस वर्षं संसर्गजन्य रोगांचा विभाग चालवणारे सर आज त्याच विभागातल्या चार नंबरच्या खोलीत, पेशंटच्या ढगळ कपड्यांत बसले होते. त्यांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले होते. ते कोणाकडून आले, हे कळायला हवं होतं. साधे असले तर साध्या गोळ्या पुरल्या असत्या. पण वॉर्डातल्या चिवट जंतूंपैकी असले, तर ते साध्या गोळ्यांना दाद देणार नव्हते. प्रयोगशाळेचा पूर्ण अहवाल यायला सहा आठवडे लागणार होते. तोवर डावं फुप्फुस हातचं गेलं असतं.

“घरी कोण असतं, सर?”

“मी आणि पुस्तकं. पुस्तकं खोकत नाहीत.”

“जेवायला कोणी?”

“पुस्तकंच.”

“तुमची मुलगी?”

“तिचा फोन येतो. रविवारी. फोनमधून जंतू येत नाहीत, हे पहिल्या वर्षालाच शिकवतो आपण.”

तिला हसू आलं नाही. नावांसाठी फॉर्मवर बारा ओळी होत्या. गेल्याच आठवड्यात एका न्हाव्यासाठी तिला तीन पुरवण्या जोडाव्या लागल्या होत्या. इथे बाराही ओळी कोऱ्या होत्या.

“सर, तुम्हीच सांगता. रिकामा रकाना म्हणजे आळशी डॉक्टर. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस आठवतोच.”

“मी फार बोलतो,” सर म्हणाले.

“तिसऱ्यांदा विचारते. मास्क काढून कोणासमोर बसलात?”

सर खिडकीकडे बघत राहिले. याच सरांनी मागच्या वर्षी तिला भर राउंडमधून बाहेर काढलं होतं. मास्क नाकाखाली घसरला होता, एवढंच. “हनुवटीला क्षय होत नाही, डॉक्टर,” ते म्हणाले होते, आणि सगळी बॅच खो खो हसली होती. पुढे महिनाभर मित्रमंडळी तिला हनुवटी म्हणूनच हाक मारत होती.

“सात नंबरच्या आजी,” सर शेवटी म्हणाले. “त्यांना ऐकू येत नाही. ओठ दिसले तरच कळतं. म्हणून काढायचो. संध्याकाळी, सगळं आटोपल्यावर. थोडा वेळ.”

“थोडा म्हणजे किती?”

“तासभर.” जरा थांबून ते म्हणाले, “कधी दोन.”

“रोज?”

“लिही, रोज.”

“काय बोलायचात एवढं?”

“तो प्रश्न फॉर्मवर आहे का?”

नव्हता. तिने पहिल्या ओळीत आजींचं नाव लिहिलं. बाकी अकरा ओळींवर एक तिरकी रेघ मारली.

सात नंबरच्या आजींना येऊन चार महिने झाले होते. आजार चिवट, म्हणून खोली वेगळी. भेटायला कोणी येत नव्हतं. तिने मास्क नाकावर घट्ट दाबला, आत पाऊल टाकलं आणि आवाज चढवला. “आजी! मोठे डॉक्टर रोज तुमच्याजवळ बसायला—”

“ओरडू नकोस गं, भिंती पडतील,” चादरीची घडी घालत आजी म्हणाल्या. “चांगलं ऐकू येतं मला.”

“पण सर तर म्हणाले—”

आजींच्या हातातली घडी विसकटली. “त्यांना तेवढं सांगू नकोस, बाळ. मी खोटं बोलले त्यांच्याशी. म्हटलं, बहिरी आहे, तोंड दिसल्याशिवाय कळत नाही. इथे आल्यापासून माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं गं. नुसते डोळे येतात, सुई टोचतात आणि जातात. एवढ्या मोठ्या माणसाला फसवलं मी.” मग त्यांनी दाराकडे पाहिलं. “चार दिवस झाले, आले नाहीत. कोणी सांगितलं का त्यांना? रागावलेत?”

“नाही, आजी. जरा बरं नाही त्यांना.”

काय झालंय, हे मात्र तिच्याने सांगवलं नाही.

ती नर्सच्या टेबलापाशी आली आणि तिने आजींची फाइल काढली. सरांना आता हीच औषधं सुरू करायची होती. गोळ्यांची नावं तिने उतरवून घेतली. शेवटी रोजचं इंजेक्शन होतं. त्याने कान जाऊ शकतात, म्हणून ते सुरू करताना आणि पुढे दर महिन्याला कानांची तपासणी करायची, असा विभागाचा नियम होता. नियम सरांचाच. आजींना बहिऱ्या समजत असताना सरांनी हे इंजेक्शन कसं दिलं, असं मनात येऊन तिने पानं उलटली.

तपासणीचे पाच कागद होते. पहिला आजी दाखल झाल्या त्या दिवशीचा, शेवटचा गेल्या आठवड्यातला. पाचही कागदांवर एकच शेरा होता, दोन्ही कान उत्तम. आणि प्रत्येक शेऱ्याखाली सरांची सही होती.