एकाच नावाची जागा

“तू गप्प बसायचंस. बोलायचं ते मी बोलेन,” दादाने दारातच बजावलं. अजून चपलाही काढल्या नव्हत्या त्याने.

धाकटीच्या हातात आईच्या लघवीची पिशवी होती. ती रिकामी करायला निघाली होती. दादा दोन पावलं मागे सरला. वहिनीने नाकाला रुमाल लावला. सणासमारंभापुरतं डोकावणाऱ्या माणसांची नाकं फार नाजूक असतात.

नवा कायदा आला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरच्या घरी, बिनपगारी करणाऱ्याचं नाव आता आरोग्य केंद्रात लागणार होतं. नाव लागलं की केंद्राची बाई आठवड्यातून दोन दुपारी घरी येऊन रुग्णाला सांभाळणार. त्या दुपारी करणाऱ्याच्या हक्काच्या. तो नोकरदार असेल तर त्याची बदलीही करता येणार नव्हती. पण एका रुग्णामागे नाव एकच. ते लिहून घ्यायला आज केंद्राच्या नर्सबाई यायच्या होत्या. दादाच्या बदलीचा हुकूम निघाला होता, तोही लांबच्या गावी. त्यामुळे आज त्याची आईवरची माया नुसती उतू चालली होती.

धाकटीला त्या दोन दुपारी हव्या होत्या. आई पडली तेव्हा तिने दातांच्या कवळ्या बनवायची नोकरी सोडली होती. जुने मालक अजून बोलवत होते, पण पूर्ण वेळ ये म्हणत होते. तिने नाही म्हणून सांगितलं होतं. दोन दुपारी नीट झोपता आलं तरी पुष्कळ, इथवर तिची मागणी येऊन ठेपली होती.

“तुला कुठे नोकरी आहे? नाव लावून करायचंय काय तुला?” दादा म्हणाला.

“दादा, तिची कूस शेवटची कधी बदललीस तू?”

“आई माझीपण आहे.”

“आहे ना. फोनवर.”

“भांडायचं तर रस्त्यावर जाऊन भांडा!” आतून आई कडाडली. तिचं डावं अंग गेलं होतं, जीभ मात्र शाबूत होती. “आणि कार्टे, मला पाणी कोण देणार? तुझा बाप?”

धाकटीने तिची मान उचलून धरली आणि चमच्याचमच्याने पाणी पाजलं. आईने अर्धं थुंकलं. गार आहे म्हणाली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या त्या सरळ पलंगापाशीच गेल्या. त्यांनी आईची पाठ पाहिली, टाचा पाहिल्या. जखम कुठेच नव्हती.

“छान ठेवलंय. कोण करतं यांचं?”

“मी,” दोन आवाज एकदम आले.

नर्सबाईंना हे नवं नसावं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. “आजींना बोलता येतंय ना? मग त्याच सांगतील. त्यांचा शब्द शेवटचा.”

दादा झटकन उशाशी बसला आणि त्याने आईचा हात हातात घेतला. नेमका लुळा, ज्यात तिला काही कळत नव्हतं. धाकटी पायथ्याशी उभी राहिली. तिला भीती नव्हती. आई तोंडाची कितीही फाटकी असली तरी आंधळी नव्हती.

आईने नर्सबाईंनाच उलट विचारलं, “एकदा नाव लागलं की बदलता येतं?”

“वर्षभर नाही.”

“आणि ज्याचं नाव, त्यानेच करायचं?”

“त्यानेच. त्याच्याच घरी ठेवून. आम्ही न सांगता येऊन बघतो.”

दादाने खुशाल मान डोलावली. असले नियम कागदावरच राहतात, हे त्याला नोकरीने शिकवलं होतं.

“मग लिहा,” आई म्हणाली. “मुलगा करतो. सगळं तोच करतो.”

“आई!”

“ही? ही नुसती बसून खाते.”

आईचा राग धाकटीला रोजच यायचा. तिरस्कार आज पहिल्यांदा वाटला. नर्सबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, पण लिहायचं ते लिहिलं. दादाने हसू दाबत सही ठोकली.

“उद्या सकाळी आमची गाडी येईल,” नर्सबाई उठत म्हणाल्या. “आजींना तुमच्या घरी पोचवायला.”

“आमच्या घरी?” वहिनी किंचाळलीच.

“अहो, ते आपलं कागदापुरतं...” दादा म्हणाला.

“कागदापुरतं नाव लावणं हा गुन्हा आहे, साहेब,” म्हणून नर्सबाई चालू लागल्या. त्यांच्यामागून दोघं एकमेकांवर खेकसत जिना उतरले.

घरात मायलेकीच उरल्या. धाकटीने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

“का केलंस असं? काय वाईट केलं होतं मी तुझं?”

“माझं नाही. स्वतःचं केलंस.”

धाकटीने वळून पाहिलं. आईने डोळे घट्ट मिटून घेतले होते. आवाज मात्र तसाच खरखरीत होता.

“दोन दुपारी मागत होतीस, भिकारडे. अख्खं वर्ष दिलंय. आता उभी काय राहिलीस? माझी बॅग भर. की तीही मीच उठून भरू?”