नवे ब्रेक पॅड

नवसूची जीप शहापूर-मुरबाड फेऱ्या मारायची. ब्रेक पॅड इतके झिजलेले, की किन्हवलीच्या थांब्यावर ब्रेक दाबला तर गाडी उभी राहायची पुढच्या पिठाच्या गिरणीपाशी. लोकही मग थांबा सोडून गिरणीसमोरच वाट बघू लागले.

पासिंगची तारीख आली, तसे नवसूने नवे पॅड टाकले. गाडी पास झाली. दुसऱ्या सकाळी त्याने सवयीने ब्रेकवर सगळा भार टाकला आणि जीप थांब्यावरच गचका खाऊन बंद पडली. तिथे चिटपाखरू नव्हतं.

“गोजामावशी, इकडं ये गो,” त्याने गिरणीकडे हाक मारली.

“आमी नाय येत. तूच ये रे पुढं.”

नवसू चावी फिरवेपर्यंत मागून त्याच मार्गावर फेऱ्या मारणाऱ्या महेंद्रची जीप आली, ब्रेक दाबूनही थांब्यावरून घसरत गेली आणि बरोबर गोजामावशीसमोर उभी राहिली.

महेंद्रचं पासिंग पुढच्या महिन्यात होतं.