पोराचं गणित

बंधाऱ्याची माती बरणीत भरून आणून तिच्यात पाणी किती वेगानं मुरतं, याचं गणित माझा थोरला कॉम्प्युटरवर मांडतो. नदी चढली तेव्हा त्यानं सगळ्यांना सांगितलं, "बंधारा आठ दिवस धरेल, घरं सोडू नका." तिसऱ्या दिवशी भरदुपारी बंधारा फुटला आणि खालच्या आळीतली चौदा माणसं वाहून गेली.

कालपर्यंत त्याला साहेब साहेब करणारेच आमच्या दारात आले. कॉलर धरून त्याला अंगणात ओढलं, दगडानं डोकं फोडलं. लोहारानं घण उचलला, तशी मी फावडं घेऊन मधे घुसले.

"बाजूला हो, म्हातारे! यानं माझी बायको बुडवली!"

"हात लावून तर बघ, मेल्या! माझ्या पोराचं गणित जन्मात कधी चुकलेलं नाही!" म्हणत मी फावडं हाणलं. त्याचं मनगट काडकन मोडलं, घण खाली पडला.

पोरगा रक्त थुंकत म्हणाला, "आई, मारू दे त्यांना. माझंच चुकलं."

"गप बस. तुझं काही चुकलेलं नाही."

"तुला कसं गं माहीत? तुला धड बेरीज तरी येते का?"




झाडताना त्याची बंधाऱ्याच्या मातीची बरणी माझ्या हातून फुटली होती, आणि पोराची बोलणी कोण खाणार म्हणून मी तसल्याच दुसऱ्या बरणीत परसातली माती भरून ठेवली होती, एवढं सांगायला माझं तोंड काही उघडलं नाही.