धाकटीच्या नावे

"तुम्ही जरा बाहेर बसा," वकीलबाई म्हणाल्या. "ज्याला काही मिळायचं असतं, त्याच्यासमोर मी मृत्युपत्राचं बोलत नाही. मघाशी वर्गात सांगितलं ना, तेच."

धाकटी मुकाट्याने उठली. ताईच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि दार ओढून घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसली.

वाचनालयातला फुकटचा वर्ग नुकताच संपला होता. मृत्युपत्र कसं करावं, फोनवर गोड बोलून खातं साफ करणाऱ्यांना कसं ओळखावं, थकलेल्या माणसांच्या सह्या घरचेच लोक कशा उकळतात, वकीलबाईंनी सगळं साध्या शब्दांत सांगितलं होतं. आता ज्याला अडचण असेल त्याला त्या आतल्या खोलीत एकेकटं भेटत होत्या. दिवाणखान्याएवढ्या त्या हॉलमध्ये शिपाई खुर्च्या एकावर एक चढवत होता.

खोली कसली, फळ्या ठोकून केलेला आडोसा. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. उठून लांब जावं असं धाकटीच्या मनात आलं, पण पाय उचलेना.

"काय करायचात तुम्ही?"

"टेलिफोन ऑपरेटर!" ताईचा आवाज खणखणीत होता. "अख्ख्या गावाचे नंबर तोंडपाठ. कुणाचा हवा सांगा. डॉक्टरांचा? गिरणीचा?" आणि तिने दोन्ही नंबर धडाधड म्हणून दाखवले.

धाकटीच्या जिवात जीव आला. आज गाडी रुळावर होती.

"मुलंबाळं?"

"एक मुलगा. लांब असतो. गुणी आहे हो, न चुकता फोन करतो."

तो फोन धाकटीच उचलायची. गेल्या वेळी तो म्हणाला होता, "मावशी, आईनंतर घर विकावंच लागेल. तुझी कुठेतरी सोय करू." तोही बिचारा मनाने वाईट नव्हता. पण ताईला एकटीला जमेनासं झालं तेव्हा धाकटी आपली भाड्याची खोली आणि शिवणाचं दुकान सोडून आली होती, आणि आता परत जायला तिला जागा उरली नव्हती.

"बरं, घर कुणाला द्यायचं तुमच्या मनात आहे?"

"धाकट्या बहिणीला." ताईला विचारसुद्धा करावा लागला नाही. "मुलाचं त्याच्या जागी छान चाललंय. हिला कोण आहे? आई गेली तेव्हा हिचा हात माझ्या हातात देऊन गेली. लिहा तुम्ही. घर धाकटीचं."

धाकटीने तोंडात रुमाल कोंबला.

"बहीण काय करते तुमची?"

"शाळेत जाते. चौथीत. गणिताच्या नावाने शंख आहे, पण सुई धरली की बघत राहावं."



"आणि तुमच्याबरोबर आल्या आहेत, त्या कोण?"

"त्या होय? कामाला असतात आमच्याकडे." ताईने आवाज खाली आणला. "चांगल्या आहेत हो. मला आंघोळ घालतात, औषध देतात, कधी चिडत नाहीत. पण एकट्या असल्या की रडतात. त्यांचं कुणी नसावं. त्यांचा पगार तेवढा वाढवा."

टेबलावर पेन ठेवल्याचा आवाज आला. मग वकीलबाई बाहेर आल्या. त्यांनी दार हळूच लोटून घेतलं आणि त्या बाकावर धाकटीशेजारी टेकल्या.

"ऐकलं मी," धाकटी म्हणाली.

"मला लिहिता येणार नाही. कोण आपलं, कोण परकं, हे माणसाला कळत असावं लागतं. डॉक्टरांना दाखवून बघा एकदा, पण खोटी आशा लावत नाही मी."

"सही अजून छान करते ती. वळणदार." बोलून गेल्यावर आपलंच बोलणं धाकटीला ऐकू आलं. "नको, नको. असल्याच सह्यांचं तुम्ही मघाशी सांगत होतात."

"वर्षभर आधी यायला हवं होतं हो तुम्ही."

"तेव्हा सगळं कळत होतं तिला. पण जिवंत माणसापुढे घराचा विषय कुठल्या तोंडाने काढायचा? लाज वाटली मला."

वकीलबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "एक मात्र खरं. त्यांनी तुमचंच नाव घेतलं."

"हो. घेतलं ना." धाकटीने डोळे पुसले.

तेवढ्यात दार उघडून ताई स्वतःच बाहेर आली. पर्स काखेत मारलेली, चेहरा घाबराघुबरा. तिने खिडकीतून बाहेरचं उतरतं ऊन बघितलं.

"अहो बाई, उठा की! बसलात काय? शाळा सुटली असेल. माझी बहीण येऊन दारात उभी राहील. किल्ली माझ्याकडे आहे, आणि ती घाबरट आहे फार."

धाकटी उठली. जन्मात तिने ताईला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"चला," ती म्हणाली. "हात धरा माझा. पायऱ्या आहेत पुढे."